रैस्टताफल : डच-इंडोनेशियन पंगतीची ओळख

नेदरलँड्समधील शहरांत मुख्य चौकातली पर्यटकांची गर्दी मागे टाकून वस्तीच्या गल्ल्यांत शिरले, की कोपऱ्यावर एखादे लहानसे उपाहारगृह अनेकदा आढळते. आत जेमतेम दहा-बारा टेबले, काळपट लाकडाच्या भिंती, खिडकीत मेणबत्ती. दाराशी टांगलेल्या पदार्थांच्या यादीत मात्र दोन वेगळ्या जगांतील खाणे शेजारी शेजारी नांदत असते. वाटाण्याच्या दाट सुपाखाली शेंगदाण्याच्या रश्शातील साते, आणि कुस्करलेल्या बटाट्याच्या पाठोपाठ नारळाच्या दुधात आटवलेले रेंदांग. अशा जागेच्या उबदार, निवांत, गप्पांना वाव देणाऱ्या वातावरणासाठी डच भाषेत 'खेझेलिख' हे विशेषण आहे. त्याला मराठीत एकच प्रतिशब्द सापडत नाही. 'घरगुती' हा त्यातल्या त्यात जवळचा.

ही जोडी पाकशास्त्रातील प्रयोगातून जमलेली नाही. तिच्यामागे साडेतीन शतकांचा व्यापार, सत्ता आणि विस्थापन आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना 1602 मध्ये झाली. 1619 मध्ये तिने जावा बेटावर बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, वसवले. जायफळ आणि जायपत्री त्या काळी बांदा बेटांखेरीज अन्यत्र पिकत नसे. त्यांचा मक्ता मिळवण्यासाठी गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून याने 1621 मध्ये त्या बेटांवर स्वारी केली. तेथील बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीने दगावले किंवा गुलाम म्हणून बटाव्हियाला नेले गेले. आजही डच घरांत उकडलेल्या फुलकोबीवर आणि फरसबीवर चिमूटभर जायफळ किसून घालतात. ती चिमूट या इतिहासातून आलेली आहे, हे जेवणाऱ्याच्या मनात क्वचितच येत असेल.

पुढे वसाहतीतील डच मळेवाले आणि अधिकारी यांच्या घरी एक जेवणपद्धत रूढ झाली. तिचे नाव रैस्टताफल, शब्दशः 'भाताचे टेबल'. मधोमध भात आणि भोवती लहान लहान वाट्यांतून दहा, वीस, कधी चाळीस पदार्थ. पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ लोकांच्या पदांग जेवणात अशाच अनेक बशा एकदम मांडण्याची रीत आहे आणि ती या पद्धतीच्या मुळाशी असल्याचे मानले जाते. वसाहतीत मात्र तिला थाटाचे आणि मिरवण्याचे रूप आले. बटाव्हियाच्या 'हॉटेल देझ अँद'मध्ये अनवाणी वाढप्यांची रांग एकेक पदार्थ हाती घेऊन येई आणि पाहुणा बसल्या जागी हवे ते वाढून घेई. वाढणारे कोण आणि जेवणारे कोण, हे तेथे ठरलेले होते. म्हणूनच स्वातंत्र्यानंतर खुद्द इंडोनेशियात रैस्टताफल फारशी टिकली नाही. पदार्थ घरोघरी आहेतच. ती मांडणी तेवढी समुद्र ओलांडून गेली. ते हॉटेलही 1971 मध्ये पाडण्यात आले.

समुद्र ओलांडून गेली ती माणसांबरोबर. 1942 मध्ये जपानने बेटे जिंकली आणि हजारो डच स्त्रिया व मुले छावण्यांत डांबली गेली. तेथे भुकेने व्याकूळ झालेल्या स्त्रिया एकमेकींना पाककृती सांगत आणि मिळेल त्या कागदावर उतरवून ठेवत. त्यातील काही वह्या आजही जतन केलेल्या आहेत. 17 ऑगस्ट 1945 रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले. नेदरलँड्सने ते 27 डिसेंबर 1949 रोजी मान्य केले. त्या काळात आणि पुढच्या दीड दशकात सुमारे तीन लाख लोक नेदरलँड्सला आले. त्यांतील पुष्कळ जण मिश्र वंशाचे होते आणि त्यांनी 'मायदेश' म्हणवला जाणारा तो देश आधी पाहिलेलाही नव्हता. 1951 मध्ये मोलुक्कन सैनिक आणि त्यांची कुटुंबे मिळून साडेबारा हजार जण त्यात सामील झाले.

या लोकांची सोय सरकारने भाड्याच्या खानावळींत केली. खोलीत स्वयंपाक करण्यास सहसा मनाई असे. समोर येई तो उकडलेला बटाटा आणि फिका रस्सा. भाताची सवय सोडून बटाट्याची लावून घ्यावी, म्हणजे नव्या समाजात लवकर मिसळता येईल, असा उपदेशही समाजसेविकांकडून होई. झाले ते उलट. पाहुण्यांनी बटाटा स्वीकारला खरा, पण भात सोडला नाही आणि यजमानांनाही साते, सांबाल व नासी गोरेंगची गोडी लावली. हेग शहरात निवृत्त अधिकारी आणि परतलेली कुटुंबे इतकी एकवटली, की त्याला 'इंडीजची विधवा' असे नाव पडले. मसाले, तयार पदार्थ आणि घरी नेण्याचे जेवण विकणाऱ्या लहान दुकानांना 'तोको' म्हणतात. हा मूळचा मलय शब्द आता डच शब्दकोशातला आहे.

या कथेत चिनी स्वयंपाक्यांचाही वाटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉटरडॅमच्या बंदरात चिनी खलाशी येऊन राहिले. मंदीच्या काळात काम गेल्यावर त्यांनी रस्त्यावर शेंगदाण्याच्या वड्या विकल्या. युद्धानंतर इंडीजहून परतलेल्यांची आणि तेथे लढून आलेल्या डच सैनिकांची आवड ओळखून चिनी मालकांनी आपल्या यादीत नासी आणि बामी घातले. 'चिनी-इंडीज' उपाहारगृह गावोगावी पोचले ते असे. मूळ चवीचे आग्रही त्याला नाके मुरडतात. परंतु अनेक डच कुटुंबांनी घराबाहेरचे पहिले जेवण तेथेच घेतले होते.

आता प्रत्यक्ष टेबलाकडे. रैस्टताफल बहुधा किमान दोघांसाठीच मागवता येते. बशा गरम राहाव्यात म्हणून टेबलावर मेणबत्त्या घातलेल्या धातूच्या पट्ट्या ठेवतात. मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या असतात. येथे भाताखेरीज कोणाचीच जागा ठरलेली नाही. खोलगट थाळीत मधे थोडा भात घ्यावा आणि भोवती दोन-तीन पदार्थ चमचा-चमचाभर, एकमेकांत न मिसळता. ते संपले की पुढचे. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या; सुरी लागत नाही, कारण मांस आधीच मऊ शिजलेले असते. आरंभ सौम्य पदार्थांनी करावा. सांबाल ही मिरचीची चटणी भातावर पसरू नये, थाळीच्या कडेला ठेवावी. तोंड पोळले तर पाण्याने उपयोग होत नाही. भात किंवा काकडी खावी.

पदार्थांच्या नावांत बिचकण्यासारखे काही नाही. गोरेंग म्हणजे तळलेले किंवा परतलेले, नासी म्हणजे भात, बामी म्हणजे नूडल्स, मानिस म्हणजे गोड, पेडिस म्हणजे तिखट. सायुर ही भाजी, तेलोर हे अंडे, आयाम कोंबडी, इकान मासा, उडांग कोळंबी. दागिंग हे मांस, सहसा गोमांस, आणि बाबी हे डुकराचे. अचार चाम्पुर हे काकडी, गाजर, कोबी यांचे आंबटगोड लोणचे असते. त्याचे नाव समजावून सांगावे लागत नाही. केतुंबार म्हणजे धणे. हा शब्द आणि आपली 'कोथिंबीर' दोन्ही संस्कृत 'कुस्तुंबरी'पासून आल्याचे मानले जाते. गुला म्हणजे साखर, आणि तिचे नाते आपल्या गुळाशी. सेरुंदेंग हा भाजलेला खोबऱ्याचा कीस शेंगदाणे घालून करतात; खोबऱ्याच्या कोरड्या चटणीवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासातच ओळखीचा वाटतो.

शाकाहारी वाचकांनी येथे सावध राहायला हवे. गादो-गादो हे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा रस्सा घातलेले ताट दिसायला निर्धोक असते. अंडे तर त्यावर दिसतेच. पण रश्शात, सांबालात आणि सायुर लोदेहसारख्या नारळाच्या दुधातील भाजीतही 'त्रासी' असू शकते. ही आंबवलेल्या कोळंबीची वडी असते. ती विरघळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. क्रुपुक नावाचे हलके पापडही कोळंबीचेच. म्हणून 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. त्रासी घातली आहे का, हे स्पष्ट विचारावे. टोफू, म्हणजे ताहू, आणि आंबवलेल्या सोयाबीनचे तेंपे हे पदार्थ चांगला आधार ठरतात. शेंगदाण्याचे वावडे असणाऱ्याने मागवण्यापूर्वीच तसे सांगावे. या स्वयंपाकघरात शेंगदाणा कोठे नसतो, हेच शोधावे लागते.

यादीतील डच बाजू थंडीच्या दिवसांची आहे. एर्टेनसूप हे सुक्या वाटाण्याचे सूप इतके दाट असावे, की चमचा उभा राहिला पाहिजे. त्यात डुकराचे मांस आणि धुरावलेला सॉसेज असतो. स्टाम्पपॉट म्हणजे बटाटा आणि पालेभाजी एकत्र कुस्करून केलेला प्रकार. गाजर-कांदा घातलेला हुत्सपॉट लायडन शहरात 3 ऑक्टोबरला खातात, कारण 1574 मध्ये त्या दिवशी स्पॅनिश वेढा उठला. मात्र दोन्ही परंपरांचा खरा मिलाफ रैस्टताफलमध्ये नव्हे, तर वस्तीच्या उपाहारगृहातील सर्वांत साध्या ताटात दिसतो. काडीला टोचून भाजलेले कोंबडीचे साते, वर शेंगदाण्याचा रस्सा, बाजूला तळलेले बटाटे आणि क्रुपुक. ना जावामध्ये असे ताट वाढतात, ना जुन्या हॉलंडमध्ये वाढत असत. तळलेल्या बटाट्यांवर अंडी-तेलाचे मेयोनेझ, शेंगदाण्याचा रस्सा आणि चिरलेला कांदा घालून खाण्याच्या प्रकाराला तर 'युद्ध' असेच नाव आहे.

शेवटी गोड. स्पेककूक हा केक दालचिनी, लवंग, जायफळ घालून, पातळ थर एकावर एक ओतून, प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजून करतात. कापला की फिकट आणि गडद पट्टे दिसतात. गोमंतकीय वाचकाला येथे बेबिंकाची आठवण होणारच. तिचे साहित्य वेगळे, नारळाचे दूध आणि अंड्याचा बलक. पण थर, वरची आच आणि करणाऱ्याचा संयम तोच. दोघींचे थेट नाते सांगण्याचे कारण नाही. दोन्ही किनाऱ्यांवर पोर्तुगीज आधी आणि डच नंतर आले, एवढे खरे. 1511 मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने मलाक्का घेतले आणि 1641 मध्ये ते डचांनी पोर्तुगिजांकडून जिंकले. त्याच शतकात डच जहाजे मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून उभी राहत, आणि वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. तिचे अवशेष अजून आहेत. चर्चसाठी कोकणीत 'इगर्ज' आणि इंडोनेशियन भाषेत 'गरेजा' हा शब्द आहे. दोन्ही पोर्तुगीज 'इग्रेजा'चीच रूपे होत.

अशी कौटुंबिक उपाहारगृहे बहुधा पती-पत्नी चालवतात. पहिली पिढी थकली आहे आणि मुलांनी इतर व्यवसाय धरले आहेत. काही ठिकाणी दारावर 'विक्रीस आहे' अशी पाटीही लागते. जेथे चूल अजून पेटते, तेथे आठवड्याच्या अखेरीस जागा आधी राखून ठेवणे बरे. डच लोक संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवतात आणि नऊ-साडेनऊला स्वयंपाकघर आवरायला घेतले जाते. गोव्याच्या सवयीने रात्री दहाला पोचणाऱ्यास बंद दार दिसेल. सेवाशुल्क बिलातच असते. वर पाच-दहा टक्के ठेवले तर पुरेसे. उरलेले पदार्थ बांधून मागण्यात संकोच नसावा. रेंदांग दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, हे वाढणारी बाई स्वतःच सांगते.