नव्या माणसाचा पहिला दिवस



नाशिकरोडहून एकलहऱ्याच्या वाटेला लागले, की वीजकेंद्राची उंच धुराडी दुरूनच दिसू लागतात. आसपासच्या गावांत या जागेला कोणी वीजकेंद्र म्हणत नाही. सगळे 'थर्मल'च म्हणतात. "आमचा थोरला थर्मलला लागला," असे बाप सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात अभिमान असतो. आजच्या भाषणात मला या 'लागला' शब्दाच्या पुढची गोष्ट सांगायची आहे. मुलगा लागला खरा. पण पहिल्या दिवशी तो फाटकातून आत गेला, तेव्हा त्याला 'ये, बैस' कोणी म्हटले? काम कोणी दाखवले? आणि धोका कोणी सांगितला?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याला मोठा इतिहास आहे.

आपल्या जुन्या गावगाड्यात कामाचा 'पहिला दिवस' असा नव्हताच. लोहाराचे पोर चालायला लागले की भात्याजवळ खेळे, थोडे मोठे झाले की भाता ओढी, आणि मिसरूड फुटायच्या आत घण उचली. सुताराचे तेच, कुंभाराचे तेच. नाशिकच्या तांबट आळीत भांड्यावर ठोके कसे घालायचे हे मुलगा वडिलांच्या शेजारी बसून शिकला. ते त्याला कागदावर लिहून कोणी दिले नाही. शिकवणारा घरचाच, म्हणून चुकले तर टपली मिळे आणि पुन्हा दाखवलेही जाई. ही त्या व्यवस्थेची चांगली बाजू झाली. वाईट बाजूही तितकीच खरी. लोहाराच्या भात्याजवळ लोहाराचेच पोर बसणार. दुसऱ्या जातीच्या मुलाला तिथे जागा नव्हती. आतल्याला शिकायची चिंता नव्हती आणि बाहेरच्याला दारच नव्हते.

हे चित्र बदलले ते गिरणीने. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे कोकणातून आणि घाटावरून माणसांची रीघ लागली. आता जिथे काम करायचे ते घर नव्हते, आणि शेजारी उभा असलेला माणूस बाप नव्हता. नव्या माणसाचा पहिला दिवस खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आला.

त्या दिवशी दारात उभा असे तो जॉबर, म्हणजे मुकादम. गावाकडचा माणूस ओळखीने मुंबईत यायचा, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि सकाळी जॉबरपुढे उभा राहायचा. कामावर घेणारा तोच, काम दाखवणारा तोच आणि काढून टाकणाराही तोच. या कृपेची किंमत 'दस्तुरी' म्हणून मोजावी लागे. तेव्हा स्वागत होते, पण ते विकतचे होते. ज्याच्या हाती आपली भाकरी आहे, त्याला "साहेब, हे कळलं नाही" असे विचारायला जीभ रेटत नाही, हे कोणीही कबूल करील.

मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ साली शाही आयोग नेमला गेला. आपले कामगार पुढारी ना. म. जोशी त्याचे सभासद होते. आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर नेमके बोट ठेवले. त्यानंतर कामगार अधिकारी आले, बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला. कारखान्यात कोण कायम, कोण उमेदवारीवर, कोण बदली, हे लिहून ठेवणे मालकाला भाग पडले. १९४८ चा कारखाना कायदा आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा यांनी याच वाटेवर पुढची पावले टाकली. मुकादमाच्या मर्जीची जागा नियमाने घेतली, ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबईबाहेर दुसराही एक धडा मिळाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. तिथे आलेली माणसे काही यंत्रशाळेत शिकून आलेली नव्हती. कुणब्याच्या हातालाही ओतकाम येते, फक्त शिकवणारा पाहिजे, हे तिथे दिसून आले.

आता एकलहऱ्याकडे वळू. नाशिकरोडला कारखान्याची नोकरी नवी नव्हती. सरकारी छापखाना तिथे १९२५ पासून होता. परंतु वीजकेंद्राची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि एकलहऱ्याचा पहिला संच १९७० मध्ये, दुसरा १९७१ मध्ये सुरू झाला. प्रत्येक १४० मेगावॅटचा. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. पहिले दोन संच २०११ मध्ये बंद झाले. काल ऊस नि कांदा पाहणारी माणसे टर्बाइन पाहू लागली.

आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. रेल्वेने आलेला कोळसा पिठासारखा दळतात, बॉयलरमध्ये जाळतात, आणि पाण्याची वाफ करून तिच्या जोरावर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी टर्बाइन फिरवतात. ही वाफ पाचशे अंश सेल्सियसहून अधिक तापलेली असते. पाहा, आपल्या चुलीवरच्या भांड्यातून निघते ती पांढरी वाफ आपल्याला दिसते. ही दिसत नाही. नळीला बारीक छिद्र पडले तर नुसता फूत्कार ऐकू येतो, डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि त्या वाटेत हात गेला तर हाताची धडगत नसते. नव्या माणसाला हे कोण सांगणार? पाटी लावलेली असेलही. पण आवाज ऐकताच "थांब, पुढं जाऊ नको" असे म्हणणारा जुना माणूस शेजारी हवा.

म्हणूनच अशा ठिकाणी 'परमिट'ची रीत आहे. दुरुस्तीआधी यंत्र बंद करायचे, वीज तोडायची, खटक्याला कुलूप आणि पाटी लावायची, आणि मगच लेखी परवाना हाती द्यायचा. काम संपले, माणसे बाहेर आली, की तो परवाना परत करायचा. तोवर यंत्र सुरू होणार नाही. कागद साधा असतो, पण आत वाकलेल्या माणसाचा जीव त्यावर असतो. १९५६ च्या वीज नियमांत पुढे भर घालून, मोठ्या वीजकेंद्रात प्रशिक्षणाशिवाय कोणाला यंत्र चालवायला बसवू नये, असेही ठरले. एकलहऱ्यालाच वीज कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले.

पण एक गोष्ट खटकते. ज्या १९७० साली एकलहऱ्याचा पहिला संच चालू झाला, त्याच साली संसदेने कंत्राटी कामगारांचा कायदा केला. वीजकेंद्रे काय, इतर कारखाने काय, कोळसा, राख, साफसफाई असल्या कामांवर कंत्राटाची माणसे असतात. आज इथे, उद्या तिथे. कायम माणसाला वर्ग, पुस्तिका, ओळख. याला मात्र पुष्कळदा एक टोपी आणि "तिकडं जा" एवढेच. वाफ तर कायम आणि कंत्राटी असा भेद करीत नाही. हा भेद राहिला, तर जॉबर गेला असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

माझीच एक आठवण सांगतो. मी अध्यापक म्हणून प्रथम रुजू झालो, त्या दिवशी कचेरीत सही घेतली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. वर्ग कुठे, हजेरीपट कुठे, कोणी बोलेना. शेवटी एका वृद्ध शिपाईमामांनी खडू हातात दिला आणि म्हणाले, "चला सर, वर्ग दाखवतो. दाराची कडी सैल आहे, जपून." त्या दिवशी कोण कोण काय बोलले ते विसरलो, ती सैल कडी विसरलो नाही. धोका सांगणे हेही स्वागतच असते, हे मला तेव्हा कळले.

शिक्षक मित्रहो, आपली मुले उद्या अशाच फाटकांतून आत जाणार आहेत. त्यांना गणित शिकवा, यंत्रांची नावे शिकवा. पण "मला कळलं नाही, पुन्हा सांगा" हे वाक्य न लाजता म्हणायला आधी शिकवा. वर्गात प्रश्न विचारल्याबद्दल ज्या मुलाला हसू मिळाले, तो कारखान्यात विचारणार नाही, आणि तिथे न विचारण्याची किंमत फार मोठी असते. आणि गावकरी बंधूंनो, तुमच्यापैकी जे थर्मलला, साखर कारखान्यात, गिरणीत जुने झाले आहेत, त्यांनी उद्या नवा पोरगा दिसला तर एवढेच करावे. त्याला नाव विचारावे, पाण्याची जागा दाखवावी, आणि कुठे हात लावायचा नाही ते सांगावे. तो कायम आहे की कंत्राटी, हे मग विचारले तरी चालेल.