दृश्यमाहिती-नियंत्रण (ऑनलाइन खेळ)

ऑनलाइन खेळात कोणत्या खेळाडूच्या यंत्राकडे कोणती माहिती पाठवायची आणि कोणती राखून ठेवायची, हे सर्व्हरने ठरवण्याची पद्धत. बंद म्हणजे पालथ्या हुकमाच्या मेंढीकोटावरून, या पत्त्यांच्या खेळावरून, ती चटकन कळते. जिंतूरचे दोघे आणि पुण्याचे दोघे मोबाइलवर डाव मांडून बसले आहेत असे धरू. सर्व्हरने प्रत्येकाला त्याचे १३ पत्तेच पाठवायचे. पालथा हुकूम ज्याने ठेवला त्याच्याखेरीज कोणाकडेही तो उघडण्यापूर्वी जाता कामा नये. सगळे ५२ पत्ते चारही फोनवर पाठवून पडद्यावर नुसती पाठ दाखवणे म्हणजे लपवणे नव्हे. फोनच्या मेमरीत उतरलेली माहिती खटपट्या खेळाडू वाचतोच. ती कुलूपबंद करून पाठवली तरी किल्ली त्याच फोनला द्यावी लागते.

गोळीबाराच्या खेळांत हा प्रश्न खरा अवघड होतो. भिंतीआडच्या शत्रूची जागा फोनला कळली की भिंतीपलीकडचे दाखवणारी ‘वॉलहॅक’ची लबाडी करता येते. ‘क्वेक’ (१९९६) या खेळात नकाशाच्या कोणत्या भागातून कोणता भाग दिसू शकतो, याचे गणित आधीच करून ठेवलेले असे आणि सर्व्हर तेवढ्यापुरतेच पाठवी. त्यामुळे डेटाही वाचतो. तालुक्याच्या गावी कमकुवत नेटवर्कवर खेळणाऱ्याला हा लाभ मोठा. ‘व्हॅलोरंट’ने (२०२०) शत्रू दिसण्याच्या जेमतेम क्षणभर आधी त्याची जागा कळवण्याची व्यवस्था केली. हा क्षणभराचा आगाऊपणा टाळता येत नाही. माहिती पोचायला वेळ लागतो आणि नेमक्या वेळी पाठवली तर कोपऱ्यावर शत्रू एकाएकी उगवल्यासारखा दिसतो. पावलांचा आवाज ऐकवायचा तरी जागेचा थोडा सुगावा द्यावाच लागतो. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ (२०२४) ज्या बॅटल रॉयल प्रकारातला आहे, त्यात मैदान विस्तीर्ण आणि खेळाडू अनेक, म्हणून हा ताळमेळ आणखी नाजूक.

‘स्टारक्राफ्ट’सारख्या (१९९८) युद्धखेळांत यंत्रे एकमेकांना फक्त आज्ञा कळवतात आणि सगळे युद्ध प्रत्येक यंत्र स्वतः चालवते. तेथे नकाशावरचा अंधार पडद्यापुरताच असतो. हा अंधार हटवणारा ‘मॅपहॅक’ त्यातूनच आला, आणि ही रचना बदलल्याशिवाय तो मुळापासून थांबत नाही.

पत्त्यांच्या खेळाला यातली एकही सबब नाही. पान पडायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी डाव बिघडत नाही. अशा खेळात पालथा हुकूम चारही फोनवर आधीच पोचत असेल, तर तो खेळ सदोष मानावा.