तारका-निवडुंगाची कथा

पुण्याच्या नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाचे देऊळ आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून देवास हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. तुकोबांची पालखी वारीच्या वाटेवर तेथेच विसावते. काटेरी झाडाचे नाव देवास देण्यात आमच्या लोकांना संकोच वाटला नाही. मात्र निवडुंग या एकाच नावाखाली आम्ही दोन निराळी कुळे एकत्र करतो. तोडताच पांढरा चीक गळणारा देशी निवडुंग शेराच्या कुळातील होय. कॅक्टसचे कूळ त्याहून भिन्न असून, एखादी जात वगळता ते मूळचे अमेरिका खंडातील. आपल्या माळावरील फड्या निवडुंगदेखील तिकडूनच आलेला आहे.

या कुळातील लहानशा, दुर्मिळ जाती कुंडीत जोपासून त्यांस फुलविणे हा छंद युरोपात एकोणिसाव्या शतकात भरास आला. काचगृहे बांधणारे धनिक मेक्सिकोतील एकेका रोपासाठी वाटेल ते मोल देत. कोचुबेय या रशियन सरदाराचे नाव मिळालेल्या एका चिमुकल्या जातीच्या रोपास त्या काळी हजार फ्रँक पडले, असे सांगतात. ती जात युरोपात आणणारा संग्राहक कार्विन्स्की हाच आमच्या कथेचाही आरंभकर्ता होय.

१८४३ साली कार्विन्स्कीस मेक्सिकोत एक अपूर्व वनस्पती आढळली. तीस काटे मुळीच नव्हते. जमिनीलगत बसलेली चपटी हिरवी चकती, तिच्या आठ फाका आणि त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा, असे तिचे रूप होते. म्युनिकच्या झुकारिनी या पंडिताने १८४५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध करून ताऱ्यावरून तिला ‘अस्टेरियास’ हे नाव दिले. परंतु युरोपात नेलेली रोपे टिकली नाहीत. पुढे सुमारे ऐंशी वर्षे ती वनस्पती केवळ ग्रंथांतच उरली.

ती पुन्हा शोधून काढली प्रागच्या आल्बेर्तो फ्रिच याने. पोरवयात जमविलेला त्याचा निवडुंगांचा संग्रह एका कडाक्याच्या थंडीत नष्ट झाला होता. तरी त्याने छंद सोडला नाही. दक्षिण अमेरिकेत अनेक वर्षे भटकल्यावर १९२३ साली मेक्सिकोच्या तामाउलिपास प्रांतात त्यास हा हरवलेला तारा सापडला. अवर्षणात ही चकती जमिनीत खचते व धुळीने झाकली जाते. त्यामुळे पायाखाली असूनही ती दिसत नाही.

या शोधाचे फळ दुहेरी होते. रोपे युरोपात येताच ती रुजविण्याची चढाओढ लागली. दुसरीकडे मूळ भूमीतून ती उपटून नेण्याचा सपाटाही सुरू झाला. ज्या प्रेमाने वनस्पती सापडली, त्याच प्रेमाने ती नाहीशी होण्याची वेळ आली.

यावर उपाय छंदिष्टांच्याच हाती होता, तो बीजाचा. हिचे फूल पिवळे असून गाभा लालसर असतो. परंतु एकट्या रोपास सहसा बी धरत नाही. दोन रोपे एकाच वेळी फुलावी लागतात, मग कुंचल्याने पराग एकीवरून दुसरीवर न्यावे लागतात. बी रुजले तरी फुलास कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. घाई असणारे लोक रोपाचे दुसऱ्या जोमदार निवडुंगावर कलम बांधतात. जपानी माळ्यांनी तर या जातीस योद्ध्याच्या शिरस्त्राणावरून ‘काबुतो’ म्हणून तिचे नाना प्रकार घडविले. आमच्याकडे हिचा खरा वैरी पावसाळा. कोकण-गोव्याच्या झडीत मुळे कुजतात. म्हणून वाळू-खडीची माती आणि डोक्यावर छप्पर हवेच.

दुर्मिळ जीवजातींच्या व्यापारास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली अमलात आला व १९७६ साली भारत त्यात सामील झाला. तारका-निवडुंग त्याच्या सर्वांत कडक यादीत आहे. तरीही चोरी थांबलेली नाही. २०२० साली इटलीत चिली देशातून चोरलेले हजाराहून अधिक निवडुंग पकडले गेले आणि २०२१ साली त्यांतील बरेचसे मायदेशी परत पाठविण्यात आले.

म्हणून छंदात पडू इच्छिणाऱ्या वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे, की रोप घेताना ते बियाण्याचे की रानचे, हे अवश्य विचारावे. पूजेसाठी फूल खुडतानाही आम्ही झाड उपटीत नाही. तीच रीत येथेही पाळावी.