विठाबाईची 'ई' कोणी खाल्ली?

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज इतिहास आहे तुमच्या हातातल्या फोनमधल्या मराठी अक्षराचा. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मी मारेगावचा, यवतमाळ जिल्ह्यातला. बीटेक करून कोड लिहितो. दोन हंगामांपूर्वी गावातल्या एका मित्राने कापूस खरेदीच्या काट्यावर पावती छापायला छोटं सॉफ्टवेअर मागितलं. माझ्याकडे स्वतःची एक युटिलिटी लायब्ररी होती. म्हणजे काय, तर घरातला पान्हा-पक्कडचा डबा. तारीख नीट लिहिणारं फंक्शन, रकमेत लाख-कोटीचे स्वल्पविराम टाकणारं फंक्शन, लांब नाव कापून छोटं करणारं फंक्शन. एकदा लिहायचं, हजार ठिकाणी वापरायचं.

पावतीची पट्टी अरुंद, म्हणून नावाच्या रकान्यात सहाच अक्षरं बसवायची होती. मी टेस्ट लिहिल्या: रमेश, सुरेश, मीना, गणेश. लांब नाव म्हणून 'कमलनयनराव' टाकलं, ते कापून 'कमलनयन' आलं. सगळं हिरवं. मी खूश.

पहिल्याच आठवड्यात आमच्या आजीचा कापूस गेला. शेत तिच्या नावावर आहे. आजीचं नाव विठाबाई. पावतीवर छापून आलं 'विठाबा'.

आजी चौथी शिकलेली. तिने पावती डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाली, "काऊन रे, मले गडी केला का तुह्या कंप्युटरनं?" आम्ही हसलो. पण सातबाऱ्यावर विठाबाई, पासबुकावर विठाबाई आणि पावतीवर विठाबा. नाव जुळेना म्हणून चुकारा दोन आठवडे अडकला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आता प्रश्न असा की 'विठाबाई'त अक्षरं किती? आजीला विचारा: वि, ठा, बा, ई. चार. संगणकाला विचारा, तो म्हणतो सात: व, वेलांटी, ठ, काना, ब, काना, ई. माझ्या फंक्शनने सहा मोजले आणि 'ई' टाकून दिली. संगणकाने सांगितलं तेच केलं. सांगणारा मी होतो.

पण संगणक असं का मोजतो? त्यासाठी पुण्याला जावं लागेल.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. बहुतेकांना ते परम महासंगणकामुळे माहीत आहे. पण तिथे आणखी एक काम चाललं होतं, जिस्ट नावाचं. त्याची मुळं आयआयटी कानपूरमध्ये होती आणि मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. पीसीमध्ये जिस्टचं कार्ड बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसायची. त्याच काळात इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली आकाराला आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली.

इस्कीमागचा विचार मला अजूनही भारी वाटतो. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीतून आल्या आहेत. मग मराठी 'क', बंगाली 'क' आणि तेलुगू 'क' यांना एकच क्रमांक द्यायचा. शब्द कसा दिसतो ते साठवायचं नाही, कसा उच्चारला जातो ते साठवायचं. म्हणून 'वि' लिहिताना वेलांटी 'व'च्या आधी दिसते, पण आत साठवताना आधी 'व' आणि मग वेलांटी. जोडाक्षरांची शेकडो चित्रं साठवायची गरजच नाही.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा १२८ जागांचा भाग इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेला होता. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर 'जेवला का?' लिहिता, ते याच मांडणीत साठतं. म्हणजे साठवण्याची रीत उत्तम होती. गडबड कुठे झाली? माझ्यासारख्यांनी 'साठवलेला एक क्रमांक म्हणजे एक अक्षर' असं धरलं तिथे. इंग्रजीत ते बहुतेक वेळा चालून जातं.

चूक लपते कशी, ते आमच्या गावाच्या नावावरच बघा. मुलाखतीत हमखास विचारतात, शब्द उलटा करा. 'मारेगाव'चे क्रमांक उलटे लावले की येतं 'वागेराम'. किती छान! एखाद्या माणसाचं नाव वाटावं. पण चूक आहे. अक्षरं उलटी केली तर 'वगारेमा' यायला हवं. आता शेजारचं 'वणी' घ्या. उलटं केलं की सुरुवातीलाच निराधार वेलांटी येते आणि तिच्यासोबत ठिपक्यांचं वर्तुळ. चूक एकच. मारेगावात ती दडली, वणीत उघडी पडली. मी टेस्टमध्ये फक्त माझं गाव घातलं असतं तर कधीच कळलं नसतं.

मोठ्यांचंही असंच झालंय. वर्गवारी लावलेल्या यादीतून मधोमध भाग पाडत शोधायची पद्धत, बायनरी सर्च, प्रत्येकजण कॉलेजात शिकतो. जॉन बेंटली यांनी १९८६च्या आपल्या पुस्तकात ती बरोबर असल्याचं तर्काने सिद्ध करून दाखवलं होतं. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की त्या कोडमध्ये चूक आहे आणि जावाच्या लायब्ररीतल्या त्यांच्या स्वतःच्या कोडमध्येही तीच चूक सुमारे नऊ वर्षं बसून होती. मधला बिंदू काढायला दोन संख्यांची बेरीज करायची, ती २१४ कोटींच्या वर गेली की गणित उलटं फिरायचं. एवढी मोठी यादी कोणी देतच नव्हतं, म्हणून सगळं हिरवं दिसत होतं.

देवनागरीतही दुरुस्त्या चालूच आहेत. मराठीतला 'ॲ' हा स्वतंत्र क्रमांक म्हणून युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून 'अॅ' लिहायचे, आजही लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण संगणकाला 'ॲप' आणि 'अॅप' हे दोन वेगळे शब्द. अक्षर कुठे तुटतं याचे नियम युनिकोड देतं, पण त्यांनुसारही 'क्षमा'तला 'क्ष' दोन तुकड्यांत मोजला जायचा. तो देवनागरीत एकसंध धरण्याचा नियम आला थेट २०२३ मध्ये. आपल्या बाराखडीसोबत शिकलेला 'क्ष'!

मी काय केलं? फंक्शन आता युनिकोडच्या नियमाने अक्षरं मोजतं. पण खरी दुरुस्ती वेगळी आहे. जिथे पैशाचा व्यवहार आहे, तिथे नाव कापतच नाही. मावलं नाही तर दुसऱ्या ओळीवर जातं. पट्टी दोन बोटं लांब होते, होऊ दे.

आणि टेस्टच्या यादीत आता वणी आहे, क्षमा आहे, दोन्ही 'ॲप' आहेत, रिकामं नावही आहे. सगळ्यात वर आहे विठाबाई.

यंदाच्या हंगामात आजीने पावती घेतली, बोट ठेवून वाचली: वि, ठा, बा, ई. मग घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. काही बोलली नाही.

तुमच्या घरात कोणाचं नाव कागदावर मोडून येतं? त्या नावाची टेस्ट लिहा, कोड येत नसेल तर मला ते नाव पाठवा. भेटू पुढच्या भागात.