आरमाराचा हिशेब

इ. स. १६६८ मधील मार्च महिन्याची ५ तारीख. लंडन येथे हाऊस ऑफ कॉमन्सच्या कठड्यापाशी इंग्लंडच्या नौदल मंडळाचे अधिकारी उभे होते. मंडळाचा चिटणीस सॅम्युएल पीप्स त्यांच्या वतीने तीन तासांहून अधिक वेळ बोलत होता. सभेला जाब हवा होता. खलाशांना रोख वेतनाऐवजी चिठ्ठ्या का दिल्या? आणि युद्धासाठी दिलेला पैसा गेला कोठे?

या प्रश्नांमागे एक राष्ट्रीय नामुष्की होती. १६६५ मध्ये डचांशी युद्ध सुरू झाले. त्याच वर्षी लंडनला प्लेगने गाठले आणि पुढच्या वर्षी आगीने. करवसुली रोडावली, कर्ज वाढले. १६६७ मध्ये तहाची बोलणी चालू असल्याने मोठी जहाजे सज्ज न करता नांगरूनच ठेवण्यात आली. जूनमध्ये डच आरमार मेडवे नदीत शिरले. गिलिंगहॅम येथील साखळी तोडून त्याने जहाजे जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे जहाज ओढून नेले. निर्वासित राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये ज्या जहाजातून मायदेशी परतला, तेच हे जहाज!

पण खरी जखम त्याहून जुनी होती. अनेक खलाशांना जबरदस्तीने धरून आणलेले असे. सुटीच्या वेळी त्यांच्या हाती पडे ती वेतनाची चिठ्ठी. तिचे पैसे केव्हा मिळतील याचा नेम नसे. घरी चूल पेटवायची तर ती चिठ्ठी बट्टा सोसून सावकाराला विकणे भाग पडे. १६६६ च्या जुलैत डचांच्या कैदेत पडलेल्या खलाशांच्या बायका पैशासाठी नौदल कचेरीच्या आवारात जमल्या होत्या. त्यांचा आक्रोश पीप्सने आपल्या रोजनिशीत नोंदवला आहे. मेडवेवर आलेल्या डच जहाजांवरून इंग्रजी बोली ऐकू आली, अशीही नोंद तीत आहे. चिठ्ठीसाठी लढून कंटाळलेले काही जण नगद नाण्यासाठी शत्रूकडे गेले होते.

मग दोष कोणाचा? प्रथम चॅटम गोदीचा आयुक्त पीटर पेट याला टॉवरच्या तुरुंगात टाकण्यात आले. जणू साऱ्या राज्याचे पाप एकाच माणसाचे होते! पीप्सने सभेला सांगितले की, खजिन्यातून पैसा वेळेवर येत नसता चिठ्ठ्यांवाचून गत्यंतर नव्हते. भाषणाची वाहवा झाली. मात्र कंत्राटदारांकडून आपण भेटी स्वीकारल्याचे याच माणसाने रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

१६६७ च्या डिसेंबरात कायदा करून पार्लमेंटने नऊ हिशेबतपासनीस नेमले होते. शपथेवर साक्षी घेण्याचा त्यांना अधिकार होता. त्यांच्या अहवालावरून कॉमन्सने खजिनदार सर जॉर्ज कार्टरेट याच्यावर ठपका ठेवला. पण १६७० च्या आरंभी राजासमोरील सुनावणीत प्रकरण विरून गेले.

तेव्हा सारे व्यर्थ गेले काय? तसे नाही. १६६५ च्याच एका करकायद्यात, मंजूर रक्कम युद्धाकडेच खर्चावी, असे कलम आले होते. १६७७ मध्ये तीस नव्या जहाजांसाठी सुमारे ६ लाख पौंड मंजूर करताना या पैशाचा हिशेब वेगळा ठेवण्याचे बंधन घातले गेले. त्याच वर्षी पीप्सच्या आग्रहाने लेफ्टनंटपदासाठी परीक्षा सुरू झाली. केवळ वशिल्यावर अधिकारपद मिळण्याची वाट तेवढी अरुंद झाली.

ज्या महिन्यात पीप्स कठड्याशी उभा राहिला, त्याच महिन्यात राजाने मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. बेटाच्या उत्पन्नाहून त्याच्या रक्षणाचा खर्च जड झाला होता. खजिन्याची ओढ अशी अरबी समुद्रापर्यंत पोहोचली होती.

आरमार लाकडाचे असो वा पोलादाचे, त्याच्या तळाशी एक करार असतो: रयतेने कर द्यावा, खलाशाने प्राण पणाला लावावा आणि राज्याने दोघांनाही चोख हिशेब द्यावा. मेडवेवर साखळी तुटण्यापूर्वी हा करार तुटला होता.