लेअर मास्कची कुळकथा

संगणकावर छायाचित्रांची जुळणी करताना ज्या साधनाला लेअर मास्क म्हणतात, ते वस्तुतः चित्राच्या एखाद्या थराला जोडलेले दुसरे, केवळ काळ्या-पांढऱ्या छटांचे चित्र असते; त्यात जिथे पांढरा रंग असेल तिथे तो थर पूर्ण दिसतो, जिथे काळा असेल तिथे तो झाकला जाऊन खालचा थर दिसू लागतो आणि करड्या छटांच्या जागी दोन्ही थर कमी-अधिक प्रमाणात मिसळतात. थरातील मूळ चित्राचा एकही बिंदू यात खोडला जात नाही. झाकण्याची कला जुनीच आहे, परंतु झाकलेले हवे तेव्हा परत मिळण्याची सोय फार अलीकडची आहे.

ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकाराने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह वापरून, एक भाग छापताना कागदाचा उरलेला भाग झाकून ठेवत, एकच भव्य चित्र सिद्ध केले होते. महाराष्ट्रात या रीतीला चलच्चित्राचे रूप दिले ते दादासाहेब फाळके यांनी, आणि त्यांच्याकडे ती येणे स्वाभाविकही होते. कारण चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी छायाचित्रण, लिथोग्राफी आणि ब्लॉक तयार करणे हे तिन्ही उद्योग केले होते. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) या त्यांच्या मूकपटात कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर तरंगते. असा चमत्कार त्या काळी कॅमेऱ्यातच घडवावा लागे : जो भाग नको तो काळ्या कापडाने झाकायचा, म्हणजे फिल्मच्या तेवढ्या जागेवर प्रकाश पडत नाही आणि ती कोरी राहते, मग फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या जागेत दुसरे दृश्य टिपायचे. काळा म्हणजे झाकलेला, हा आजच्या मास्कचा नियम इथे कापडाच्या रूपात आधीच हजर आहे. मात्र दुसऱ्या वेळी नटाची जागा किंचित चुकली, तर पहिले चित्रणही वाया जाई. यामागे किती चिकाटी लागत असेल, याची कल्पना आजच्या वापरकर्त्याला सहज येणार नाही.

छापखान्यांत हीच गरज वेगळ्या मार्गाने भागवली गेली. ब्लॉक आणि पुढे ऑफसेट छपाईसाठी वापरली जाणारी विशिष्ट फिल्म लाल प्रकाशाला प्रतिसाद देत नसे. त्यामुळे लाल पारदर्शक पत्रा कापून चित्रावर ठेवला की कारागिराला खालचे चित्र दिसत राही, पण फिल्मच्या लेखी तो भाग काळाच ठरे. संपादनाच्या प्रणालीत तात्पुरता मास्क आजही लालसर पडद्याच्या रूपात दिसतो, तो या पत्र्याचा वारसा होय.

संगणकीय मास्कचा पाया १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी घातला. चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा या तीन संख्यांबरोबर तो बिंदू किती झाकणारा आहे हे सांगणारी चौथी संख्या त्यांनी जोडली आणि तिला अल्फा हे नाव दिले. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी अशा चित्रांच्या मिश्रणाचे गणित मांडले. आठ बिटांच्या चित्रात ही संख्या ० ते २५५ अशी असल्याने झाकण्याच्या २५६ पायऱ्या मिळतात, आणि केसांच्या बटा किंवा झिरझिरीत पदर यांच्या कडा नैसर्गिक दिसतात त्या याच पायऱ्यांमुळे. कात्रीच्या कापाला ते साधत नाही. फोटोशॉप ही चित्रसंपादनाची प्रणाली १९९० मध्ये बाजारात आली, तरी थर आणि त्यांचे मास्क तीत १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मिळू लागले.

पुढे हे साधन मोठ्या शहरांपुरते राहिले नाही. वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावातील लग्नाचा अल्बमही आता बारा बाय छत्तीस इंचांच्या तयार पानांवर रचता येतो. पानावरील चौकट वा कमान स्वतः मास्कचे काम करते आणि नवरा-नवरीचा फोटो तिच्या आकारापुरता दिसतो, तर चेहऱ्याभोवतीची धूसर कड मऊ ब्रशने रंगवलेल्या लेअर मास्कमधून येते. ब्रश चुकून मुंडावळीवरून फिरला, तर काळ्याऐवजी पांढरा रंग घेऊन ती पुन्हा उघडी करता येते. ही मुभा थरांसह जतन केलेल्या पीएसडीसारख्या फाइलपुरतीच असते. छपाईसाठी तिची जेपेग प्रत काढली की सारे थर एक होतात, आणि मूळ फाइल जपली नसेल तर झाकलेला भाग त्या प्रतीतून परत मिळवता येत नाही.