भग्न नगरी आणि द्राक्षासव

इटलीच्या प्रवासांत आपला एखादा गृहस्थ नेपल्सला पोंचला, कीं वाटाडे त्याच्यापुढें एक ठराविक बेत मांडतात: सकाळीं पाँपेईचे अवशेष पाहावे आणि दुपारीं व्हेसूव्हियसच्या उतारावरील मळ्यांत बसून तेथील द्राक्षासव चाखावें. हें ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. जेथें शहरच्या शहर गाडलें गेलें, तेथून उठून लागलीच पेला हातीं धरावयाचा, ही कसली रसिकता? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर त्या भूमींतच पुरलेलें आहे.

इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसचा स्फोट झाला आणि दोन दिवसांच्या आंत पाँपेई राखेखालीं गेलें. १७४८ त तेथें उत्खनन सुरू झालें. मृतांचे देह कधींच नाहींसे झाले होते. घट्ट झालेल्या राखेंत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या मात्र उरल्या होत्या. १८६३ त जुसेप्पे फिओरेल्ली यांनीं त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलें, आणि मरणाच्या क्षणींचीं तीं माणसें जगाला दिसलीं.

शंभर वर्षांनीं तीच युक्ति वनस्पतींना लावण्यांत आली. तेथील वर्तुळाकार क्रीडागृहाजवळ एक विस्तीर्ण आवार आहे. तो गुरांचा बाजार असावा, असें विद्वान् धरून चालले होते. १९६६ पासून विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकन विदुषीनें तेथील मुळांच्या पोकळ्या साफ करून त्यांत सिमेंट भरलें, तों निघाला द्राक्षमळा! वेलींच्या खुणा २,००० हून अधिक. द्राक्षें पिळण्याची जागा, जमिनींत पुरलेले रांजण, गिऱ्हाइकांनीं लवंडून जेवावें म्हणून बांधलेले ओटे, सारें तेथेंच.

मद्य हा या नगरीचा रोजचा व्यवहार होता. एका मद्यगृहाच्या भिंतीवर दर लिहिलेले सांपडले: साधें मद्य एका नाण्याला, बरें दोन नाण्यांना, आणि फालेर्नियन नांवाचें उंची मद्य चार नाण्यांना. याच स्फोटांत मृत्यु पावलेला थोरला प्लिनी लिहून गेला आहे, कीं पाँपेईचें मद्य दहा वर्षेंपर्यंत सुधारत जातें, परंतु पिणाऱ्याचें डोकें दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत दुखतें.

हा व्यापार आपल्या दारापर्यंत आला होता. पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतांत भडोच बंदरीं इटलीच्या मद्याला विशेष मागणी असल्याचें नमूद आहे, आणि पैठण व तेर येथून तेथें माल जात असल्याचेंहि. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडु येथें १९४५ त, आणि पुढें आपल्या नेवाशाच्या उत्खननांतहि, रोमन मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. उलट पाँपेईंतील एका घरांत १९३८ त भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. तिच्या वळणाच्या मूर्ति तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत. भिक्षूंच्या लेण्यांसाठीं दान देणारे आपले व्यापारी आणि पाँपेईचे मळेवाले हे एकाच जगाचे नागरिक होते.

१९९६ त या भग्न नगरींत पुन्हां वेली लावण्यांत आल्या, आणि २००१ च्या हंगामापासून त्यांचें मद्य निघालें. मात्र त्यांत प्राचीन चव शोधूं नये. रोमन लोक मद्यांत पाणी मिसळीत. कधीं मध, कधीं मसाले. तो स्वाद गेला तो गेलाच. तरी एक गोष्ट उरली आहे. ज्या राखेनें शहर मारलें, तिनेंच त्या उताराची जमीन सुपीक केली. पर्वत शेवटचा जागा झाला तो १९४४ च्या मार्चांत. तरीहि शेतकरी त्याच्या पायथ्याशीं वेली छाटीतच राहिले.

म्हणून बेत मोडूं नये, क्रम मात्र सांभाळावा. आधीं त्या प्लास्टरच्या आकृतींपुढें क्षणभर उभें राहावें, मग मळा पाहावा, आणि पेला शेवटीं. ज्यांना मद्य वर्ज्य असेल, त्यांनीं त्याच उतारावरचीं मूठभर द्राक्षें खावीं. मातींतून मरण आणि जीवन दोन्ही कसे निघतात, हें कळावयास तेवढीं पुरेशीं आहेत.